चौदा खड्डे

डांबराचं पिंप संपलं, असं मुकादमाच्या टोळीत कधी कुणी म्हटलं नाही. पिंप रिकामं दिसायला लागलं की मुकादम ते रस्त्याकडेला दोन दगडांवर तिरकं टेकवायचा, तोंडाखाली जुनं घमेलं सरकवायचा आणि वर उन्हाकडे बघून म्हणायचा, "हं, आता तुझी पाळी." दुपार होईतो पिंपाच्या आतल्या अंगाला चिकटलेलं डांबर मऊ पडायचं, जाड जिभेसारखं ओघळायचं, आणि संध्याकाळी घमेल्यात दोन ओंजळी जमलेलं असायचं. तेवढ्यात दोन लहान खड्डे भरत.

मुकादमीण त्याची बायको. हजेरीपटावर ती बिगारी होती, बावीस वर्षं रोजंदारीची बिगारी, पण रस्त्यावर सगळे तिला मुकादमीणच म्हणत. त्यांच्याकडे सहा किलोमीटरचा तुकडा होता. एका टोकाला नाका, दुसऱ्या टोकाला पूल. टोळी चौघांची. मुकादम, ती, तिची विधवा थोरली जाऊ, आणि घड्याळ. घड्याळ म्हणजे चांगला हाडामासाचा माणूस. वर न बघता जेवायची वेळ मिनिटावर सांगायचा, म्हणून ते नाव पडलं होतं. "कामाला लागायची वेळ मात्र मेल्याला अजून सापडली नाही," असं जाऊ म्हणायची.

त्या दिवशी मुकादमिणीचा उजवा गुडघा सकाळपासून ठणकत होता. ती पाय लांब करून साईडपट्टीवर बसली होती आणि चाकांनी बाहेर उडवलेली जुनी खडी चाळणीत घोळवत होती. माती खाली, खडी वर. नवी खडी हवी तर अर्ज करावा लागतो, आणि ही तर पायाशीच पडलेली. तेवढ्यात नव्या साहेबांची जीप येऊन थांबली. साहेब वयानं लहान होते, बोलताना समोरच्याच्या डोक्यावरून पलीकडे बघायचे.

"मुकादम, पत्र आलंय वरून," ते म्हणाले. "पैसा नाही. पाच टोळ्या आहेत, त्यातल्या तीनच ठेवायच्या. या महिन्याच्या शेवटी हिशेबाचं वर्ष संपतं, त्या दिवशी यादी निघेल."

"आणि आमचा तीन महिन्यांचा पगार?" जाऊनं विचारलं.

"मिळेल. कधी ते विचारू नका. माझाही दोन महिन्यांचा आलेला नाही."

जीप गेली. मुकादमाला पेन्शनीला तीन वर्षं कमी होती. टोळी मोडली की ती तीन वर्षं गेली, आणि त्यांच्या मागोमाग पेन्शनही गेली. मुकादमिणीनं चाळण खाली ठेवली. मुकादम मात्र मिशीत हसत होता.

"आपल्याला कोण हात लावतंय?" तो म्हणाला. "पाचांत सगळ्यात कमी खर्चाची टोळी आपली. मंजूर होतं त्यातलं निम्मं मी दर साली परत पाठवतो. कागदावर सगळं आहे."

"परत पाठवलंत ते ठीक," घड्याळ म्हणाला, "पण जाता जाता त्यातून एक छत्री तरी काढायची होती. डोकं उकडलेल्या बटाट्यासारखं झालंय."

"खड्डा वाटीएवढा असताना भरला तर ओंजळभर डांबर लागतं," मुकादम म्हणाला. "ताटाएवढा होऊ दिला तर पिंप लागतं. यात काय मोठी विद्या आहे?"

ती त्याच्याकडे बघत राहिली. त्याच्या या वाक्यावर तिनं बावीस वर्षं काढली होती. देवानं याला दुसरं काही दिलं नाही, पण हे एवढं समजायला दिलं, असं तिला नेहमी वाटायचं.

दोन दिवसांनी हुकूम आला. चौघांनी रस्ता सोडून आठवडाभर टेकडीवरच्या सरकारी बंगल्यावर कामाला जायचं. दौऱ्यावर आलेले मोठे अधिकारी तिथं उतरत. वर्षात पाच-सहा दिवस, बाकी दिवस कुलूप. तिथली फरशी बदलायची होती.

मुकादमिणीनं आधी दिवाणखाना झाडून घेतला, आणि झाडता झाडता तिचा हात थांबला. लाल, बोटभर जाडीची फरशी. पाय ठेवला की तळव्याला गारवा लागत होता. ती ओल्या फडक्यानं पुसली तेव्हा खिडकीतलं आभाळ तीत दिसायला लागलं.

"यातली कुठली काढायची?" तिनं ठेकेदाराच्या मिस्त्रीला विचारलं.

"सगळी."

मुकादम गुडघ्यावर बसला. सांध्यात छिन्नी घालून, हलक्या हातानं ठोकत त्यानं पहिली फरशी अख्खी उचलली. मग दुसरी. दुपारपर्यंत भिंतीशी चाळीस फरश्या उभ्या लागल्या, एकीचाही कोपरा न दुखावता. मिस्त्री जेवून आला आणि दारातच थबकला.

"मुकादम, हे काय? दुकान मांडताय की काय?"

"चांगल्या आहेत हो. खाली दवाखान्यात मातीच्या जमिनीवर खाटा आहेत. तिथं लावल्या तर—"

"ओ, थांबा. कागदावर काय लिहिलंय ठाऊक आहे? 'फरशी जागोजागी फुटलेली, उखडलेली.' आता या अख्ख्या दिसल्या तर मी खोटा, साहेब खोटे, कागद खोटा. फोडा त्या. उद्या फोटो काढायचाय मलब्याचा."

मुकादम उठला आणि बाहेर नळाशी जाऊन हात धुवायला लागला. बराच वेळ धूत राहिला. जाऊ म्हणाली, "मी नाही बाई. मला नाही जमणार." घड्याळ खिडकीबाहेर बघत होता. शेवटी हातोडा मुकादमिणीनंच उचलला. पहिल्या घावानं फरशी फुटलीच नाही, हातच मनगटापासून खांद्यापर्यंत झणझणला. दुसऱ्या घावाला ती तीन तुकड्यांत पडली. आतून ती बाहेरून होती तेवढीच लाल होती. त्या दुपारी तिनं चाळीस फरश्या फोडल्या. संध्याकाळी डबा उघडला तर लाल भुकटी नखांत इतकी बसली होती की पाण्यानं निघेना.

तिसऱ्या दिवशी साहेब काम बघायला आले. नवी फरशी पांढरी होती, गुळगुळीत, पाय घसरेल अशी. मुकादमानं डोक्याचं फडकं काढून हातात धरलं.

"साहेब, एक विचारू? इथं एवढा पैसा आहे, आणि आमच्या पगाराला नाही?"

"हा इमारतीचा पैसा. तो रस्त्याचा. एका खिशातला दुसऱ्या खिशात घालता येत नाही." साहेबांनी पायानं फरशी दाबून बघितली. "हे शिल्लक होते. महिनाअखेर खर्च केले नाहीत तर परत जातात. आणि परत गेले की पुढच्या साली तेवढे कमी येतात."

मुकादम हलला नाही. "परत गेले की कमी येतात?"

"मग? वरचे म्हणणार, यांना लागतच नाहीत." साहेबांनी पहिल्यांदाच त्याच्या तोंडाकडे नीट पाहिलं. "तुमच्या तुकड्याचं तेच झालंय, मुकादम. मी सांगणार होतो. तीन वर्षं तुम्ही निम्मा पैसा परत केलात. कागदावर तुमच्या रस्त्याला काही होतच नाही. ज्या रस्त्याला काही होत नाही, त्याला टोळी कशाला? पुलापलीकडच्यांनी यंदा बेचाळीस पिंपं लावली."

"त्यांचा रस्ता बघितलात का, साहेब?" घड्याळ म्हणाला. "पीठ चाळता येईल."

"म्हणूनच ती टोळी राहणार."

बाहेर कावळा ओरडत होता. मुकादम हातातल्या फडक्याची घडी घालत होता, मोडत होता, पुन्हा घालत होता.

"आणि मला विचाराल तर," साहेब आवाज खाली आणून म्हणाले, "खर्च हे दुखणंच नाही. दुखणं आहे वसुलीचं. नाक्यावरून रोज चाळीस ट्रक दगड जातो. दर खेपेला सरकारचा पैसा द्यायचा असतो. पावत्या किती फाटतात? सहा. बाकीचे चौतीस नाकेदाराच्या जेवणाच्या सुट्टीत जातात. एवढं जेवतो तरी काय तो माणूस?"

घड्याळ हसला. मुकादमिणीनं मान खाली घातली. त्या चौतिसांतले वीस तिच्या धाकट्या भावाचे होते. ते भरधाव जायचे, वजनानं रस्ता दाबायचे, आणि ते जिथं दाबायचे तिथं संध्याकाळी मुकादम खडी टाकायचा. या सगळ्या वर्षांत त्यानं तिला त्याबद्दल एका शब्दानं कधी टोकलं नव्हतं.

जीपकडे जाताना साहेब तिच्यापाशी घुटमळले. "सोमवारी मोजणी आहे. मुख्य कचेरीतून मोजणीदार येतोय. रस्त्यावर काही दिसलं तर लिहिता येईल. नाही दिसलं तर मी तरी काय लिहायला सांगू?"

घरी आल्यावर मुकादम जेवला नाही. पाण्याचा तांब्या तेवढा पुढं ओढून घेतला. ती समोर बसली, पायाला तेल चोळत.

"ऐकलंत ना साहेब काय म्हणाले ते?"

"ऐकलं."

"दोन-चार खड्डे उघडे ठेवले असते—"

"नव्हतेच तर उघडे कुठले ठेवणार?"

"मग करायचे." ती हळूच बोलली. "कुदळीनं."

त्यानं तांब्या बाजूला सारला. मग म्हणाला, "थांब्याच्या वळणावर दवाखान्यातली नर्स रोज सायकलवरून जाते. मागं औषधाची पेटी असते. तिला कधी ब्रेक दाबावा लागला नाही. हे माझ्या नावावर आहे, दुसरं काही नाही. तू यात पडू नकोस."

"आणि पेन्शनीची तीन वर्षं?"

"मी हिशेबात चुकलो," तो म्हणाला. "मला वाटलं, वाचवलेलं कुणीतरी मोजत असेल."

रविवारी ती भावाच्या खाणीवर गेली. दगड फोडायच्या यंत्राचा आवाज एवढा होता की भावानं तिला हाताला धरून पत्र्याच्या खोलीत नेलं, खुर्ची पुसून दिली. लहानपणी ती त्याला कडेवर घेऊन फिरायची. आता त्याच्या अंगाला अत्तराचा वास येत होता.

"ताई, पायाचं कसं आहे? गोळ्या संपल्या असतील. थांब, मागवून ठेवल्यात."

"गोळ्या राहू दे. एक मागायला आलेय."

"माग की."

"एक महिना नाक्यावर पावत्या फाड. सगळ्या गाड्यांच्या. साहेब म्हणतात, वसुली नाही म्हणून टोळ्या मोडताहेत. तुझे दाजी रस्त्यावर येतील रे."

"ते रस्त्यावरच तर आहेत," भाऊ हसला, आणि ती हसत नाही हे बघून खुर्ची पुढं ओढून बसला. "ताई, मी फाडल्या पावत्या. समज, रोज वीस फाडल्या. तो पैसा कुठं जाईल? दाजींच्या पगारात? या आठवड्यात काय केलंस तू, सांग बरं."

ती नखांतली लाल भुकटी पदराला पुसत राहिली.

"मला ठाऊक आहे. त्या फरशीला वाळू मीच दिली. चांगली फरशी फोडलीस ना? मग मी कशासाठी भरू? तुझ्या हातोड्यासाठी? सरकारला पैसा कमी पडत नाही, अक्कल कमी पडते. आधी त्यांनी उधळणं थांबवावं, मग मी भरतो. देवाशपथ."

"ते म्हणतात आधी तुम्ही भरा."

"म्हणोत."

"मग आधी कुणी करायचं?"

भावानं खांदे उडवले. "ते तुमच्या साहेबाला विचार." मग त्यानं टेबलाच्या खणातून गोळ्यांची पिशवी काढून तिच्या मांडीवर ठेवली. ती परत करावी असं तिच्या मनात आलं. गुडघ्यानं तिला तसं करू दिलं नाही. यंत्राच्या आवाजात ती पिशवी छातीशी धरून खाणीचा उतार उतरली, आणि खाली येईपर्यंत तिला स्वतःची लाज वाटत राहिली.

सोमवारी सकाळी मुकादमाला डेपोतून बोलावणं आलं, जुनी हत्यारं कागदावर ताडून द्यायची होती. तो सातच्या बसनं गेला. त्याची बस वळणाआड गेली तशी मुकादमिणीनं जाऊकडे पाहिलं, जाऊनं घड्याळाकडे.

"माझ्याकडे काय बघताय?" घड्याळ म्हणाला. "मी फक्त वेळ सांगतो."

"कुदळ घे," ती म्हणाली.

बसथांब्याजवळचा किलोमीटर तिनं निवडला. तिथं मोजणीदार हमखास उतरेल. पहिली कुदळ तिनंच मारली. रस्ता टणकन वाजला आणि कुदळ उसळून मागं आली. वीस वर्षांचे थर होते ते, एकावर एक धुम्मस मारून बसवलेले. दुसऱ्यांदा तिनं सगळा भार घातला.

"हा तर पुराच्या साली भरलेला," जाऊ म्हणाली. तिचे डोळे डबडबले होते. "मी त्या दिवशी तापानं फणफणले होते. भाऊजींनी मला घमेल्यावर बसवलं होतं सावलीत."

"बोलू नका, जाऊबाई. खणा."

ऊन चढत गेलं. कुदळीच्या दांड्याला घाम लागून तो निसटत होता. एकेक खड्डा फोडताना त्यांना तो कधी भरला ते आठवत होतं, आणि ते आठवू नये म्हणून त्या जोरानं खणत होत्या. वाईट काम वाईट करणं तिला येत नव्हतं. खड्डा घेतला की ती कडा सरळ तासायची, तळ सारखा करायची, सुटी खडी वेचून बाजूला ढीग घालायची. घड्याळानं एक-दोनदा नुसतंच वर वर उकरलं तर तिनं त्याला बाजूला सारून तो नीट केला.

दवाखान्यातली नर्स सायकलवरून आली. तिनं ब्रेक दाबला, उतरली, आणि सायकल हातात धरून खड्ड्यांमधून चालत गेली. "दुरुस्ती का?" तिनं जाता जाता हसून विचारलं. मुकादमीण खाली वाकून खडी वेचत राहिली.

"आठ झाले," घड्याळ म्हणाला. "आणि साडेबारा झाले. पुरे. जेवू या."

"आठनं काय होतंय? पुलापलीकडं पन्नास आहेत. साहेबांच्या हाताला काही लागायला हवं की नको?"

"वहिनी, पुरे म्हणतो मी."

"तुला नेहमीच पुरे वाटतं. तू जेव. आम्ही खणतो."

मग त्यालाही जेवण जाईना. चार वाजता जीप आली तेव्हा चौदावा खड्डा नुकताच पुरा झाला होता आणि तिच्या तळहातावरचे दोन फोड फुटले होते.

मोजणीदार बारीक अंगाचा, गळ्यात चष्मा अडकवलेला माणूस होता. त्यानं टेप टाकली, लांबी घेतली, रुंदी घेतली, खोली घेतली, वहीत लिहिली. साहेब त्याच्या मागून चालत होते. पहिल्या चार खड्ड्यांना साहेबांच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखं दिसलं. त्यांनी तिच्याकडे बघून हलकेच मान हलवली. तिच्या जिवात जीव आला. देवा, पाप झालंय, पण निभलं, असं ती मनात म्हणाली. दहाव्या खड्ड्याशी साहेब थांबले.

"किती आहेत हे एकूण?"

"चौदा, साहेब." दमलेल्या माणसाला कामाचा असतो तसा अभिमान तिच्या आवाजात आपोआप आला.

"एका किलोमीटरात?"

"इथं लगेच दिसतील म्हणून."

साहेबांनी तिला रस्त्याच्या कडेला नेलं. "बाई, एका किलोमीटरात दहापर्यंत किरकोळ दुरुस्ती. ती टोळीची. दहाच्या वर गेलं की मोठी दुरुस्ती. ती ठेकेदाराची. यंत्र येतं, टोळी नाही लागत. हे कुणी सांगितलं नाही तुम्हाला?"

तिला आधी कळलंच नाही. मग कळलं. "चार बुजवते," ती म्हणाली. "आत्ता बुजवते. खडी इथंच आहे, साहेब. अर्धा तास द्या."

ती वळली आणि गुडघ्याची पर्वा न करता धावत सुटली. बाराव्या खड्ड्याशी तिनं घमेलं ओतलं तेव्हा मोजणीदार चौदाव्याशी वाकला होता. त्यानं चष्म्यावरून पाहिलं. "अहो, काय करताय? तो मोजून झालाय." त्यानं टेप गुंडाळली, वही मिटली आणि पेनाला टोपण लावलं. जाऊ रस्त्यातच बसली. घड्याळ म्हणाला, "मी आठ म्हटलं होतं," आणि लगेच तोंडावर हात ठेवला, जणू आपण शिवी दिली.

मुकादम संध्याकाळच्या बसनं आला. बस थांब्याआधीच गचके खायला लागली तेव्हाच त्यानं खिडकीतून मान बाहेर काढली होती. तो उतरला. ती थांब्याच्या कठड्यापाशी उभी होती, तळहात मिटून. तिनं सगळं सांगितलं, काही लपवलं नाही, दहाचं आणि चौदाचं सुद्धा. तिला वाटत होतं, त्यानं हात उगारावा. त्यानं कधी उगारला नव्हता. आजही नाही.

"सकाळी भरू," तो एवढंच म्हणाला.

सकाळी चौघं घमेली, धुम्मस आणि उरलेलं डांबर घेऊन गेले. प्रत्येक खड्ड्याभोवती पांढऱ्या रंगाचं वर्तुळ काढलेलं होतं आणि आत आकडा. एक ते चौदा. साहेब तिथंच उभे होते, बहुधा त्यांचीच वाट बघत.

"हात लावू नका, मुकादम. मोजलेलं काम आहे आता. भरलंत तर ठेकेदाराच्या मोजणीत तूट येईल."

"ठेकेदार कधी येणार?"

"पैसे आले की."

"आणि पैसे?"

साहेबांनी नाक्याच्या दिशेनं पाहिलं, मग टेकडीवरच्या बंगल्याच्या दिशेनं.

महिनाअखेर यादी निघाली. तीन टोळ्या होत्या, त्यात त्यांची नव्हती. दुपारी त्यांनी डेपोत हत्यारं जमा केली. कुदळी, फावडी, चाळणी, दोन धुम्मस. भांडारपालानं पिंपाखालचं जुनं घमेलं उलटंपालटं करून पाहिलं आणि म्हणाला, "हे कागदावर नाही. घेऊन जा." मुकादमानं ते घेतलं नाही. तिथंच दाराशी ठेवलं.

पहिल्या तारखेला दोघं सवयीनं उजाडायला उठली. तिनं डबा भरला, झाकण लावलं, मग ते काढून जेवण परत भांड्यात ओतलं. मुकादम उंबऱ्याशी बसला, रस्त्याकडे पाठ करून. त्यांचं घर थांब्यापासून हाकेच्या अंतरावर होतं. सूर्य वर आला तसे खाणीवरचे ट्रक सुरू झाले. धडाड. पहिला गेला. मुकादमाचा हात जमिनीवर टेकला, उठायला टेकावा तसा, आणि पुन्हा मांडीवर आला. धडाड. पुन्हा हात टेकला. ती चुलीपाशी बसून बघत होती. तिसऱ्या ट्रकाला त्याचा हात उठला नाही.

"हा खड्डा कुणाचा?" त्यानं मागं न बघता विचारलं. "घड्याळाचा नाही. त्याचा एवढा वाजणार नाही."

"माझा," ती म्हणाली.

"खोल घेतलास."

तिनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. तो म्हणाला, "काल जाताना बघितला मी. कडा सरळ आहेत."

तिनं तोंडावर हात घट्ट दाबून धरला. बाहेर पुढचा ट्रक वळणावर आला होता, भरलेला, जड. मुकादमानं डोळे मिटून घेतले आणि आवाजाची वाट बघत बसला.